वाटी भरेपर्यंत

बुधवारी आम्ही पिंपळाला पाणी घालायचो, मी आणि माझी सासू यसवती. तळ्यापासून विहारापर्यंत सात खेपा, कमरेवर घडा. उन्हाळ्यात तळं मागे सरकायचं, खेप लांबायची, पण सात म्हणजे सात. आई पुढे, मी मागे. तिचा अंगठा जिथे उमटायचा तिथेच माझाही. अकरा वर्षांत बांधावरच्या गवतात आमच्या पावलांची एक पांढरी रेघ पडली होती. गुरंसुद्धा त्या रेघेवर बसत नसत.

चालताना आई गुणगुणायची. सूर तिच्या आईचा, शब्द तिचे.

*पहिला ग घडा, बोधीच्या पायासी*
*माझ्या ग राजासी, सावली दे*

राजा म्हणजे तिलकसिरी. तिचा एकुलता एक, माझा नवरा. लष्करात शिपाई होता. तमिळ बंडखोरांशी चाललेल्या लढाईच्या शेवटच्या वर्षी तो उत्तरेला गेला तेव्हा आमची सेनुरी नुकती बसायला लागली होती. मग लढाई संपली. चौकाचौकात फटाके फुटले, पातेली भरभरून दूधभात वाटला गेला, आणि आमच्या घरी एक कागद आला. त्यात कामाचा शब्द एकच होता: बेपत्ता.

आमच्याकडे पाणी दोन तऱ्हेचं. पिंपळाच्या मुळाशी घालतात ते जिवंत माणसासाठी. कुणी आजारी असेल, दूरदेशी असेल, परीक्षेला बसला असेल, त्याच्या डोक्यावर सावली राहावी म्हणून. भंतेंसमोर बसून सुरईतून वाटीत ओततात ते गेलेल्यांसाठी. वाटी भरते, काठावरून सांडते, खालच्या ताटलीत उतरते, तेव्हा दिलेलं पुण्य त्या माणसाला पोचलं असं धरायचं. सांडल्याशिवाय पोचत नाही. सातव्या दिवशी ओततात, तिसऱ्या महिन्यात ओततात, मग वर्षाच्या वर्षाला.

तिलकसाठी आमच्या घरातून कुणी कधीच ओतलं नव्हतं. आई म्हणायची, "माझ्या हातानं मी त्याला तिकडे ढकलू? देह नाही, हाड नाही, एक बटण नाही. ज्याला पोचवायचा त्याचा पत्ता तर कळू दे."

पत्ता मला ठाऊक होता.

लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षी सरत नावाचा एक जण आमच्याकडे आला होता. तिलकच्या तुकडीतला. एक पाय लाकडी. आई तेव्हा नाचणीच्या मळ्यात गेली होती. मी त्याला बिनदुधाचा चहा दिला, तळहातावर गुळाचा खडा ठेवला. त्यानं चहा घेतला, गूळ तसाच मुठीत धरून बसला. मग म्हणाला, "वहिनी, खाजणाच्या काठी बांध होता. तिलक माझ्यापुढे दहा हातांवर होता. तोफेचा गोळा पडला. मी पाहिलं. उचलण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून कुणी उचललं नाही. कागदावर बेपत्ता लिहिलं ते त्यामुळे."

मी म्हटलं, "आईला सांगू नका."

तो बरं म्हणाला. उठताना त्यानं गूळ परत माझ्या हातात ठेवला. मऊ झाला होता, त्याच्या घामानं खारट. मी खाल्ला.

त्यानंतर मला गरम-गार फारसं कळेनासं झालं. चहा ओठाला भाजला की भाजलं एवढं समजायचं, पण दुसऱ्या कुणाला भाजल्यासारखं. रडू येईल म्हणून काही दिवस मी वाट पाहिली. आलं नाही. बुधवार आला. आईनं घडा उचलला, मी दुसरा उचलला. गेलेल्या माणसासाठी जिवंताचं पाणी वाहत मी नऊ वर्षं तिच्या मागे चालले. घडा जड लागत नव्हता, हलकाही लागत नव्हता.

कधी कधी तिलकचं गाणं मात्र कानात वाजायचं. लग्नाआधी तो मळ्यात झाडावरच्या माळ्यावर हत्ती हाकायला बसायचा आणि तिथून पलीकडच्या मळ्यातल्या आम्हा मुलींना ऐकू येईल असं गायचा.

*झाडावरी माळा, माळ्यावरी दिवा*
*हत्तीला ग ठावा, माझा सूर*
*खाली नाचणी डुले, वर जागे कुणी*
*तिच्या डोळ्यांचं पाणी, किती दूर*

आवाज काही खास नव्हता. हत्ती पळतात ते आवाजाला घाबरून नाही, कंटाळून, असं आम्ही चिडवायचो.

---

वैशाख पौर्णिमा झाली. कंदील उतरवून लोकांनी माळ्यावर टाकले आणि ग्रामसेवक विजेपाल मोटारसायकल फटफटवत आमच्या दारात आला.

"कांचनाताई, चाळीस झेंडे शिवायचेत."

मी शिवणकाम करते. गावातल्या शाळेचे गणवेश, विहाराच्या पताका, नवरीची पोलकी, सगळं माझ्याच यंत्रावरून जातं.

"चाळीस?"

"चाळीस. आणि कडेच्या दोन पट्ट्या विसरू नका हं, मुसलमानांची हिरवी नि तमिळांची केशरी. मागच्या खेपेला त्या पेठेतल्या शिंप्यानं नुसता सिंह शिवून दिला. म्हणे पट्ट्यांना कापड पुरलं नाही. या वेळी उत्तरेकडचे पाहुणे यायचेत. अब्रू जायची."

आई ओसरीवर नारळ खवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पाहुणे येणार नसते तर चाललं असतं होय रे?"

"मावशी, तुमच्याकडे यायचं म्हणजे हेल्मेट काढूच नये माणसानं."

"काढू नकोस. आत काही आहे का ते तरी कळायचं नाही."

विजेपाल हसला. तो चांगला हसतो. लहानपणी आमच्याच फणसावरून पडून त्याचा पुढचा दात अर्धा तुटलाय, तो दिसतो.

सरकारनं तेव्हा 'नवी घडी' नावाची मोहीम काढली होती. देश एक करायचा आणि त्याची सगळी अंगं एकदम सुधारायची, अशी. दहा कलमं होती. बिनधुराची चूल, डासांची डबकी, तळ्यातला गाळ, परसात भाजी, शेजारच्यांच्या भाषेचा वर्ग, दारूबंदी, असं करत करत दहा. ज्या गावाची दहाच्या दहा पुरी होतील ते आदर्श गाव. दारूचं कलम विजेपालनं दुकानापुढे ताडपत्रीचा पडदा लावून पुरं केलं होतं. भाषेचा वर्ग खरोखर चालायचा. सेनुरी घरी येऊन भांड्यांना, मांजराला, पावसाला त्यांची तमिळ नावं सांगायची. नऊ कलमं झाली होती. दहावं होतं ते असं: गावात कुठलाही जुना मामला लोंबकळत राहता कामा नये.

आमच्या दिवुलवेव गावात लोंबकळत असलेला मामला एकच होता. तिलकसिरी.

तो बेपत्ता असल्याचा दाखला आम्ही कधीच घेतला होता. पण तो दाखला म्हणजे मामला उघडाच. मिटायला मृत्यूचा दाखला हवा, त्यावर आईची आणि माझी सही हवी. विजेपाल तो कोरा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तीन वर्षं फिरवत होता. आईसमोर काढायची त्याची छाती नव्हती.

जाताना त्यानं मला कुंपणापाशी बोलावलं.

"ताई, पुढच्या महिन्यात पोसोन पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी विहारात एकतेचा कार्यक्रम आहे. मंत्री येणार. भंते, कोविलातले तमिळ पुजारी, मौलवी, फादर, सगळे एका ओळीत बसणार. दिवा लावायला दोन आया. इकडून यसवती मावशी, तिकडून एक तमिळ बाई. तिचीही मुलगी गेलीय."

"बरं."

"दिव्यानंतर पाणी ओतायचंय. दोन्हीकडच्या गमावलेल्या लेकरांच्या नावानं. दोघींनी मिळून एक सुरई धरायची, एका वाटीत ओतायचं." सांगताना त्यानं दोन्ही हातांनी सुरई धरून दाखवली. "माझीच कल्पना आहे. भंते आधी जरा घुटमळले, मग हो म्हणाले."

मी कुंपणावरचा धागा उचलला. केशरी होता, उडून आलेला.

"आई ओतणार नाही."

"म्हणून तर मावशींना फक्त दिव्याचं सांगा. तिथे सगळ्यांसमोर, मंत्र सुरू असताना, सुरई हातात आली की माणूस ओततोच, ताई. एकदा ओतलं की मन मोकळं होतं. मग सही काय, आपोआप होईल. तुम्ही किती दिवस अशा लटकून राहणार? ना इकडे, ना तिकडे."

"त्या बाईंना माहीत आहे का, पाणी कशाचं ते?"

"पुण्याचंच आहे ना? पुण्य कुणाला नको असतं? त्यांच्या वाट्यालाही येईल."

विजेपाल वाईट माणूस नाही. त्याला मनापासून तसं वाटत होतं. आमच्यात भोजनदान असो, नव्या घराचा पाठ असो, शेवटी गेलेल्यांसाठी पाणी ओततात. इतक्यांदा ओततात की ते नक्की कुणाच्या डोक्यावर पडतंय हे बघायची सवयच राहिलेली नाही.

मी हो म्हटलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि माझं कारण मी नऊ वर्षं दडवून ठेवलं होतं. हो म्हणायला श्वास कमी लागतो.

घरात आल्यावर आईला सांगितलं, "तुला दिवा लावायला बोलावलंय."

"दिवा ना? लावीन की." तिनं खोबऱ्याचा चव हातानं एकत्र केला. "दिव्यानं कुणाचं काय बिघडतंय."

---

त्या शुक्रवारी विहारात पांढरंच पांढरं झालं होतं. विहारात जायचं म्हणजे पांढरी साडी, आणि आमच्याकडे सुतकही पांढरंच. कोण कशासाठी आलंय ते कपड्यांवरून कळत नाही. मी शिवलेले चाळीस झेंडे दोरीवर फडफडत होते. एकाची हिरवी पट्टी जरा तिरकी झाली होती. ती कुणाला दिसली नसावी. मला तेवढीच दिसत होती.

मंत्र्यांना उशीर होता. ढोलवाले पागोटी काढून सावलीत बसले होते. मांडवात पुढच्या चटईवर आम्हाला बसवलं. आमच्याशेजारी ती बाई बसली होती. रासमलर नाव, वय आईएवढंच. गडद लाल साडी, कपाळावर विभूती. एवढ्या पांढऱ्यात ती एकटीच लाल. बसनं पाच तास आली होती आणि मांडीवरच्या पिशवीत मुरुक्कूचं, त्यांच्याकडच्या चकलीचं, पुडकं होतं.

तिनं पुडकं उघडून आईपुढे धरलं. "घ्या अक्का. घरचं आहे."

आईनं एक तुकडा मोडला. "कडक आहे गं. माझे तीनच दात एकमेकांवर येतात."

"माझे दोन. चघळा मग."

दोघी चघळत बसल्या. रासमलरला आमची भाषा तुटक तुटक यायची. लढाईआधी ती वाळवलेली मासळी घेऊन आमच्याकडच्या बाजारात येत असे.

"मुलगा?" तिनं विचारलं.

"मुलगा. तिलकसिरी. लष्करात." आईनं लष्कर हा शब्द जरा हळू उच्चारला.

रासमलरनं मान हलवली. थोडा वेळ चघळली. "माझी मुलगी. याळिनी. एकोणीस वर्षांची. ते घेऊन गेले, आमचेच लोक. हातात बंदूक दिली. तिला साधी कोंबडी कापता येत नव्हती. शेवटच्या दिवशी पूल ओलांडताना तिला लोकांनी पाहिलं. हात वर होते. चालत होती, आपल्या पायांनी. मग बसमध्ये बसवलं. ती बस कुठे गेली ते कुणी सांगत नाही."

"आपल्या पायांनी," आई म्हणाली.

"आपल्या पायांनी, अक्का. तीन जणांनी पाहिलं." तिनं तीन बोटं वर केली आणि बराच वेळ खाली घेतली नाहीत.

आईनं त्या बोटांवर आपला हात ठेवून ती खाली केली, जशी सेनुरीची करते. "मी दर बुधवारी पिंपळाला पाणी घालते," ती म्हणाली. "सात घडे. जो कुठे असेल त्याच्या डोक्यावर सावली राहते."

"कुठे असेल तिथे?"

"कुठे असेल तिथे."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. आई, दिव्यानंतर पाणी आहे. तोंड उघडलंही असेल मी. तेवढ्यात ढोल सुरू झाले.

मंत्री आले. भाषण झालं. एक देश, एक छत्र, अनेक फुलांची एक माळ. सेनुरीच्या शाळेनं राष्ट्रगीत म्हटलं, आधी आमच्या भाषेत, मग तमिळमध्ये. दुसऱ्या खेपेला मागची पोरं नुसते ओठ हलवत होती, सेनुरी मात्र शब्दन् शब्द गात होती. रासमलर तिच्याकडे बघत होती. मग पितळी समईपाशी आई आणि ती उभ्या राहिल्या, एकाच मेणबत्तीनं दोन वाती लावल्या. कॅमेरे पुढे सरसावले. आई परत बसायला वळली तर विजेपालनं हळूच तिच्या खांद्याला हात लावला.

"अजून एक, मावशी. एकच मिनिट."

चटईवर पांढरं कापड, त्यावर ताटली, ताटलीत वाटी. शेजारी सुरई. भंतेंनी डोळे मिटून पठण सुरू केलं. ते पाठ आम्हाला पाळण्यापासून माहीत. उंचावर पडलेलं पाणी उताराला लागतं, तसं इथे दिलेलं तिथल्यांना पोचो, त्याच्यातलं.

विजेपालनं सुरई उचलून दोघींच्या हातांत दिली. आईचे हात खाली, रासमलरचे वर.

आईनं वाटी पाहिली.

तिच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. माझ्या चेहऱ्यावर काही होत नाही हे मला माहीत होतं, तिच्याही होत नाही हे त्या दिवशी कळलं.

रासमलर माझ्याकडे वाकली. मी सर्वांत जवळ होते. "हे पाणी कशासाठी, पोरी? पिंपळाचं का?"

भंते म्हणत होते. मंत्री हात जोडून उभे होते. विजेपाल मान हलवून मला खुणावत होता, हो म्हणा, हो म्हणा.

"नाही," मी म्हटलं. "गेलेल्यांसाठी आहे. मेलेल्यांसाठी."

तिनं हात काढून घेतले. झटक्यानं नाही. तापल्या भांड्यावरून पदर काढून घ्यावा तसे. "माझी मेलेली नाही," ती म्हणाली, आधी आमच्या भाषेत, मग तिच्या भाषेत, आणि मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिच्यामागे एक कॅमेरावाला गेला. मौलवींनी त्याला हातानं परत फिरवलं.

सुरई आता आईच्या एकटीच्या हातांत होती. ती जड असते.

"ओता, मावशी," विजेपाल दातांत पुटपुटला. "भंते थांबलेत."

आई माझ्याकडे वळली. रागानं नाही. बुधवारी घडा कमरेवर नीट बसलाय का हे बघायला वळते, तशी.

"तो लंगडा पोरगा आला होता, त्या दिवशी तू डाळीत दोनदा मीठ घातलंस," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच. "वेशीवरच्या मुलीनं मला सांगितलं होतं, एक शिपाई येऊन गेला म्हणून. तू बोलली नाहीस. मी म्हटलं, आज नाही तर उद्या बोलेल."

मी तिच्या हातांतल्या सुरईकडे बघितलं.

"तुला माहीत आहे ना सगळं? मला नाही. मला फक्त खारट डाळ माहीत आहे. तेव्हा तू ओत."

तिनं सुरई माझ्या हातांत दिली.

भंतेंनी पाठ पहिल्यापासून धरला. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी चटईवर बसले. सुरईचं तोंड वाटीवर आणलं. मी इतकी वर्षं शिवणयंत्रावर बसतेय, हात सरळ राहायला शिकलेत. पाणी बारीक धारेनं पडू लागलं. वाटीचा तळ झाकला. निम्मी झाली. कुणीतरी मागे खोकलं. मला खाजणाकाठचा बांध दिसेल असं वाटलं, तो कधी पाहिलेला नाही म्हणून दिसला नाही. माळ्यावरचा दिवा दिसला. कंटाळून चाललेले हत्ती दिसले.

पाणी काठाला आलं. काठावर ते क्षणभर फुगून उभं राहतं, सांडत नाही. सगळ्या वाट्यांत तसंच होतं. तिथं थांबता आलं असतं. आईला वर न बघता विचारलं, "आई, सांडू दे?"

ती मांडी घालून माझ्या शेजारी बसली होती. "मला काय विचारतेस," म्हणाली. मग वाटीकडे बघत, "किती दिवस तिष्ठेल तो तिथं. सांडू दे."

पाणी काठावरून उतरलं, माझ्या बोटांवरून गेलं, ताटलीत जमलं. मी ओतत राहिले. पाठ संपेपर्यंत ओततात.

सगळ्यांनी 'साधू, साधू' म्हणत अनुमोदन दिलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते मंत्र्यांना समजेना, म्हणून त्यांनी एकदाच वाजवली.

---

आम्ही परत निघालो तेव्हा रासमलर तीनचाकी रिक्षापाशी आली. बसला अजून वेळ होता. मुरुक्कूचं उरलेलं पुडकं तिनं सेनुरीच्या हातात दिलं. सेनुरीनं तिला तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं, तिनं सेनुरीची हनुवटी धरली. मग आईला म्हणाली, "अक्का, वाईट नका वाटून घेऊ. मी हात काढला."

"बरं केलंस," आई म्हणाली. "तुझी आपल्या पायांनी चालत गेलीय."

तीनचाकीत आम्ही तिघी मुरुक्कू मोडत बसलो. माझी बोटं वाऱ्यानं वाळली होती. गार लागत होती. हे गार आहे, असं मी एकदा मनात म्हणून पाहिलं.

शनिवारी विजेपाल कागद घेऊन आला. हेल्मेट काढून हातात धरून उभा होता. "मावशी, माझं चुकलं का?" त्यानं विचारलं.

"चुकलं. ती बाई पाच तास बसनं आली होती, तिला तू आधी विचारायला हवं होतंस." आईनं चष्मा लावला. "सही कुठे करायची?"

आईनं केली, खाली मी केली. विजेपालनं कागदावर फुंकर मारली, कारण नसताना. मग अंगणातल्या फणसाकडे बघत राहिला. फणस लागले होते. आईनं त्याला एक काढून दिला. तो मोटारसायकलच्या टाकीवर, दोन गुडघ्यांत धरून घेऊन गेला. पुढे गावाला आदर्श गावाची पाटी मिळाली. ती ताडपत्रीच्या पडद्यावर लागली आहे, म्हणजे निदान पडदा सरळ राहतो.

सातव्या दिवशी भोजनदान केलं. तिलकला आवडायची ती कमळदेठांची भाजी केली. शेजारच्या बायका आल्या. काही रडल्या. मी भात वाढत होते. डाळीला मीठ एकदाच घातलं, आईनं चाखून पाहिलं आणि मान हलवली.

मधला बुधवार त्या तयारीत गेला होता. मग पुढचा आला.

सकाळी मी यंत्रावर बसले होते. कुणाचा तरी गणवेश होता, बाही लावायची होती. अंगणात घड्याचा आवाज झाला. बाहेर येऊन पाहिलं तर आई घडा विसळत होती.

"आई, आज कशाला?"

"बुधवार आहे."

"पण..."

तिनं घडा कमरेवर घेतला, पदर खोचला. "त्या बाईच्या गावी पिंपळ आहे की नाही कुणास ठाऊक. असला तरी तिला सांगणार कोण, कसं घालायचं ते. मुलीचं नाव काय म्हणाली होती गं?"

"याळिनी."

"याळिनी," तिनं म्हणून पाहिलं. दोनदा म्हटलं, तीन दातांत बसेपर्यंत.

ती बांधाच्या रेघेवर चालू लागली. मी ओसरीवर उभी होते. ऊन वर आलं होतं, तळं बरंच मागे गेलं होतं, खेप लांब पडणार होती. आत यंत्रात बाही तशीच अडकली होती. मी दुसरा घडा उचलला. रिकामा होता, तरी कमरेला त्याचं वजन लागलं.

पुढून तिचा सूर येत होता.

*पहिला ग घडा, बोधीच्या पायासी*
*याळिनी लेकीसी, सावली दे*

मी तिच्या अंगठ्याच्या ठशावर पाय ठेवला आणि मागे चालू लागले.